उपवासकाळ आणि धर्मग्राम: राख, क्रुसाची वाट, पेज यांचं नियोजन

माडबन
२०२७ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला येतोय आणि ईस्टर २८ मार्चला. १० जानेवारीला प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण, म्हणजे नाताळचा गोठा आवरून ठेवल्यावर जेमतेम एक महिना हाताशी. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा, त्यामुळे तरुण मुलं अर्धीच मिळणार. वसईकडच्या बहुतेक धर्मग्रामांत (एका चर्चच्या हद्दीत) कामं लघु ख्रिस्ती समूहांत, म्हणजे शेजारच्या घरांच्या गटांत, वाटली जातात, पण वाटणी म्हणजे "राख तुमच्याकडे, पेज त्यांच्याकडे" एवढंच कागदावर असतं. ते करायचं कसं हे दोन-तीन जाणत्यांच्या डोक्यात.

माझं मत स्पष्ट सांगतो, उपवासकाळात आपण कार्यक्रम फार करतो. प्रार्थना, उपवास, दानधर्म ही तीन कामं. त्यावर रिट्रीट, स्पर्धा, जिवंत देखावा, बॅनर यांची भर. पण तो वाद नंतर. आधी ज्यांना माहीत आहे त्यांनी तपशीलवार लिहा: राख कशी करायची, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या १४ प्रसंगांची प्रार्थना) वेळेत कशी संपवायची, पेज किती शिजवायची, आणि उपवासाचा नेमका नियम काय. नियम विचारला की पाच जण सहा उत्तरं देतात.

वेदीमागे
राखेपासून सुरुवात करतो.

मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या पात्या जाळून बुधवारी कपाळाला लावायची ही राख करतात. घराघरांतून त्या गोळा करायच्या, म्हणजे आदल्या दोन रविवारी चर्चच्या दारात टोपली ठेवायची. टोपलीवर "फक्त झावळ्या" असं ठळक लिहा. नाही लिहिलं तर त्यात तुटलेल्या जपमाळा, जुनी स्मरणपत्रिका, प्लास्टिकच्या फुलांचे हार येतात. प्लास्टिक एकदा जळलं की ती राख टाकूनच द्यावी लागते.

१. पात्या दोन दिवस कडक उन्हात वाळवा. ओल राहिली तर धूर होतो आणि राख चिकट येते.
२. लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, थोड्या थोड्या जाळा. रॉकेल अजिबात नको, वास जात नाही. पेटवायला सुक्या पात्याच पुरतात.
३. ज्वाला बसली आणि पात्या काळ्या झाल्या की घमेल्यावर दुसरं घमेलं पालथं घाला. इथेच बहुतेकांचं चुकतं. शेवटपर्यंत जळू दिलं तर पांढुरकी राख होते आणि ती कपाळावर दिसतच नाही. हवा तोडली की काळा कोळसा राहतो, तोच उमटतो.
४. रात्रभर थंड होऊ द्या. वरून गार आणि आतून निखारा, असं हमखास असतं. प्लास्टिकच्या डब्यात घाईने भरू नका.
५. खलबत्त्यात कुटा, मग मलमलच्या फडक्यातून गाळा. पीठ चाळायची चाळणी पुरत नाही, हिरांचे बारीक तुकडे खाली येतात आणि कपाळाला टोचतात.

टोपलीभर पात्यांची वाटी-दोन वाटी राख होते. घाबरू नका, चिमूटभर राख पुष्कळ कपाळांना पुरते.

उन्हाळपाणी
वेदीमागे, एक महत्त्वाचं राहिलं. राखेत पाणी घालून लगदा करून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करा. राखेत क्षार असतात, पाणी मिसळलं की ते द्रावण त्वचेला जाळतं. लहान मुलांच्या कपाळावर लाल चट्टा उठतो. आशीर्वादाच्या वेळी तीर्थ (आशीर्वादित पाणी) शिंपडतात तेवढ्या थेंबांनी काही होत नाही, प्रश्न आहे तो आदल्या रात्री भिजवून ठेवलेल्या राखेचा. चिकटावी असं वाटत असेल तर खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब.

सुकटप्रेमी
नाहीतर कपाळाऐवजी डोक्यावर चिमूट टाकायची. २०२१ मध्ये करोनामुळे रोमहून सूचना आली होती की धर्मगुरूंनी वाक्य सगळ्यांसाठी एकदाच म्हणावं आणि मग प्रत्येकाच्या डोक्यावर न बोलता राख टाकावी. रांग निम्म्या वेळात संपते. केस काळे असतील तर पुरावा राहत नाही एवढाच तोटा. ऑफिसात "आज तुमचं ते राखेचं नाही का?" विचारतात.

निळीछत्री
मी ख्रिस्ती नाही, पण शेजारच्यांबरोबर दरवर्षी जाते. राख घेतलेली चालते का? विचारायचं राहूनच गेलं आहे.

वेदीमागे
@निळीछत्री ताई, चालते. राख हा संस्कार नाही, कोणीही घेऊ शकतं. कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकरीचं, तसं नाही, ते कॅथलिकांसाठी. आणि राखेला आशीर्वाद फादर किंवा डीकन देतात, पण कपाळाला लावायला प्रापंचिक माणसं मदत करू शकतात. गर्दीच्या धर्मग्रामांत धर्मभगिनी आणि चार-पाच सेवकांना आधी सांगून ठेवलं तर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लांबत नाही.

जुनी_वही
नियमांचं मी लिहिते, म्हणजे सहा उत्तरांचं एक होईल.

*मांस वर्ज्य:* राखेचा बुधवार आणि शुक्रवार. १४ वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना, वरची मर्यादा नाही. मांस म्हणजे मटण, कोंबडी, डुक्कर, बीफ. मासे, अंडी, दूध, तूप चालतं.

*उपवास:* फक्त राखेचा बुधवार आणि पवित्र शुक्रवार (गुड फ्रायडे), हे दोनच दिवस बंधनकारक. १८ पूर्ण ते ५९ पूर्ण या वयाला. दिवसात एक पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढं होता कामा नये.

*सूट:* आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, अंगमेहनतीचं काम करणारे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी उपवास करून दुपारी चक्कर येऊन पडणं हे पुण्य नाही. गोड पदार्थ सोडा, टीव्ही सोडा, दुसरं काही सोडा.

रविवार उपवासाचे नाहीत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात, त्यातले सहा रविवार वगळले की ४०.

आणि कम्युनियनच्या आधीचा एक तासाचा उपवास हा वेगळा, तो वर्षभराचा. पाणी आणि औषध त्यात मोडत नाही.

घंटानाद
मग जुन्या बायका चाळीसही दिवस मासेसुद्धा घेत नाहीत, ते काय?

जुनी_वही
ती त्यांची स्वतःची प्रथा, आणि चांगली प्रथा आहे. नियम हा तळ असतो. त्यावर कोणी कितीही करावं, फक्त दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये.

सुकटप्रेमी
पापलेटचा भाव बघता शुक्रवारी मटण सोडून पापलेट खाणं याला प्रायश्चित्त म्हणावं की चैन, हे एखाद्या फादरांनी प्रवचनात सांगावं. वालाचं बिरडं, शेवग्याच्या शेंगा घालून सुकट, कच्च्या केळ्याची भाजी हे खरे शुक्रवारचे पदार्थ. त्यातही बिरडं सोलायला दोन तास बसावं लागतं, ते प्रायश्चित्त वेगळं.

वाडीकर
२०२७ साठी एक बारीक गोष्ट टिपून ठेवा. १९ मार्च, संत जोसेफचा महोत्सव (सगळ्यात वरच्या दर्जाचा सण), शुक्रवारी येतोय. शुक्रवारी महोत्सव आला की मांस वर्ज्य करायचं बंधन त्या दिवशी नसतं. पुढचाच शुक्रवार मात्र पवित्र शुक्रवार. आणि २५ मार्चचा देवदूताच्या संदेशाचा सण पवित्र गुरुवारी येतो, म्हणून तो ईस्टरनंतर सोमवार ५ एप्रिलला ढकलला जाईल. धर्मग्रामाचं कॅलेंडर छापणाऱ्यांनी आधी बघा. छापून झाल्यावर पेनाने खोडलेली कॅलेंडरं घरोघर जातात.

घंटानाद
म्हणजे १९ तारखेला मटण!
(जोसेफ नावाच्या सगळ्या काकांना आगाऊ शुभेच्छा. आमंत्रणाची वाट बघतोय.)

पायवाट
क्रुसाच्या वाटेबद्दल. राखेच्या बुधवारनंतर पवित्र शुक्रवारच्या आधी सहा शुक्रवार मिळतात: १२, १९, २६ फेब्रुवारी आणि ५, १२, १९ मार्च. सहा शुक्रवार सहा समूहांना. समूह जास्त असतील तर दोघांना एक द्या, पण वाचक एका समूहाचे आणि गायन दुसऱ्याचं असं. सगळं दोघांनी मिळून करायचं ठरलं की कोणीच करत नाही.

वेळेचा हिशोब: १४ स्थानं, प्रत्येकी चार मिनिटं, झाली ५६. सुरुवात-शेवट धरून सव्वा तास. चर्चच्या आत हे जमतं. वाडीतून, रस्त्याने न्यायची असेल तर स्थानांमधलं चालणं धरावं लागतं. दोन स्थानांत शंभर पावलं पुरे. त्याहून लांब अंतर ठेवलं की पुढचे उभे राहून "आम्ही तुझी आराधना करतो" म्हणतात तेव्हा मागचे अजून आधीच्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात असतात.

लोक मनन स्वतः लिहून आणतात आणि प्रत्येक स्थानाला पानभर होतं. दहा ओळी ही मर्यादा आधीच सांगा. वाचकाने मोठ्याने एकदा वाचून घड्याळ लावावं. पाच-सहा स्थानं झाल्यावर वेळ संपत आल्याचं लक्षात येतं आणि मग पुढची आठ धावतपळत उरकली जातात. क्रुसावर मरण येतं ते बाराव्या स्थानावर, आणि नेमकी तिथेच घाई.

माईक: खांद्यावरचा पोर्टेबल स्पीकर एक पुढे, एक मधे. दोन्ही एकाच वायरलेस संचावर असावेत. आदल्या रात्री चार्ज केला का, हे एका माणसाच्या नावावर लिहा.

वेदीमागे
+१. आणि बाहेर क्रुसाची वाट करणाऱ्यांनी प्रत्येक स्थानाला क्रूस ठेवा. नुसती फ्लेक्सवरची चित्रं पुरत नाहीत. नियमाने स्थानाला लाकडी क्रूस लागतो, चित्र ही शोभा. शिवाय फ्लेक्स उन्हाने विटतो, साधे फूटभर लाकडी क्रूस वर्षानुवर्षं टिकतात.

मोटेत
अवांतर: गोव्यात उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हाला संतांची मिरवणूक निघते, फ्रान्सिस्कन संतांच्या मूर्ती खांद्यावरून नेतात. उपवासकाळातलं गायनही तिकडे वेगळं असतं, मोटेत म्हणतात त्याला. वसईच्या गायकवृंदांनी कधी ऐकून या. साथीला मोजकीच वाद्यं आणि आवाजावर भर, उपवासकाळाला तेच शोभतं.

घंटानाद
वाद्यांचा विषय निघालाच आहे तर. उपवासकाळात ऑर्गन-पेटी फक्त गायनाच्या आधारापुरती. मधल्या वेळेत नुसतं वाजवायचं नाही. अपवाद चौथ्या रविवारचा, गुलाबी वस्त्रं असतात तो, आणि महोत्सवांचा. ड्रम, ऑक्टोपॅड घरी ठेवा. 'महिमा' गीत महोत्सव सोडून नाही, 'आलेलुया' जयघोष तर नाहीच. गायकवृंदाची सवय इतकी पक्की असते की शुभवर्तमानाआधी कोणीतरी हमखास 'आ...' करून थांबतो. त्याऐवजीच्या जयघोषाचा कागद पेटीवर चिकटवून ठेवा.

वेदीवर फुलंही नाहीत. हार-गुच्छ आणणाऱ्या भाविकांना दारातच प्रेमाने सांगणारं एक माणूस हवं. वेदीवर ठेवलेली फुलं उचलायला कोणालाच जमत नाही.

हिरवीचिंच
आमच्याकडे एका वर्षी तीर्थाच्या भांड्यांत पाण्याऐवजी वाळू आणि निवडुंग ठेवायची कल्पना निघाली होती. वाळवंटाची आठवण म्हणून. लोकांना आवडलं.

जुनी_वही
आवडलं असेल, पण ते करायचं नाही. २००० साली रोमच्या उपासना मंत्रालयाने याबद्दल स्पष्ट उत्तर दिलं आहे: उपवासकाळात तीर्थाची भांडी रिकामी करू नयेत. तीर्थ ही बाप्तिस्म्याची आठवण आणि हा काळ त्याच्याच तयारीचा. रिकामी करायची ती फक्त शेवटच्या तीन दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या रात्री नवीन पाणी येतं.

हिरवीचिंच
आणि निवडुंगाला हात लागून मुलं रडायची तेही आहे. पटलं.

भातखाचर
पेज. हा माझा प्रांत.

पवित्र शुक्रवारी दुपारी तीनच्या विधीनंतर द्यायची तर हिशोब असा. उकडा तांदूळ एक किलोला आठ लिटर पाणी. ही पेज साधारण २० जणांना होते. ३०० माणसांना १५ किलो तांदूळ, म्हणजे १२० लिटर पाणी. एका पातेल्यात करू नका. तीन पातेल्यांत पाच-पाच किलो. मोठ्या पातेल्यात तळ लागतो आणि एकदा करपलं की वास सगळ्या पेजेला लागतो.

पाणी आधी उकळायचं, मग धुतलेला तांदूळ. उकड्याला पाऊण ते एक तास. गॅसच्या मोठ्या शेगडीवर ज्योत मधेच लागते, म्हणून पातेल्याखाली जाड तवा ठेवा आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडत रहा. मीठ शेवटी, किलोमागे ५० ग्रॅम. आधी घातलेलं मीठ आटल्यावर जास्त होतं.

सगळ्यात मोठी अडचण: पेज उभी राहिली की घट्ट होते. विधी दोन तास चालला तर तीनला तयार झालेली पेज पाचला भात झालेली असते. म्हणून शिजवायला विधी सुरू झाल्यावरच ठेवा, आणि बाजूला दहा-पंधरा लिटर उकळतं पाणी तयार असू द्या. गार पाणी घातलं तर पेज फुटल्यासारखी पाणी-भात वेगळी दिसते.

सोबत लोणचं, भिजवून शिजवलेले मूग (१०० जणांना साडेचार किलो कोरडे), आणि भाजलेला पापड. बस. कोणीतरी "थोडं काही गोड करूया का" विचारेलच. नाही म्हणा.

सुकटप्रेमी
मी तो 'कोणीतरी'.

उन्हाळपाणी
वाट्या कागदाच्या आणू नका, गरम पेजेने तळ सुटतो. स्टीलच्या मागवा, किंवा लोकांना घरून वाटी आणायला सांगा. कचराही वाचतो.

पायवाट
झावळ्यांचंही बोला कोणीतरी. झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, जवळच आहे म्हणायचा.

माडबन
ते मी सांगतो, नावाला जागतो. नारळाच्या एका झावळीला दोनशेच्या वर पात्या असतात. फाटक्या, किडक्या वगळून दीडशे धरा. ६०० माणसांना चार झावळ्या, सांडलवंडीला पाचवी. पिवळी कोवळी पाती सुंदर दिसते म्हणून लोक माडाचा मधला न उघडलेला कोंब कापतात. ते करू नका. तिथे जखम झाली की सोंड्या भुंगा लागतो आणि माड बसतो. खालची उघडी हिरवी झावळी घ्या. शनिवारी संध्याकाळी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळा, सावलीत. क्रूस विणायचा असेल तर हीर आधी काढा, आणि पाती वाळायच्या आत विणा.

आणि आमच्याकडे एक प्रश्न दरवर्षी येतो: उपवासकाळात लग्न लावतात का?

जुनी_वही
मनाई नाही, पण वसईत कोणी काढत नाही, आणि काढलं तर फुलं-बँडचा थाट आवरता घ्यावा लागतो. पवित्र शुक्रवारी आणि शनिवारी मात्र लग्न नाहीच. मृत्यू विचारून येत नाही, म्हणून हे लक्षात ठेवा: पवित्र गुरुवारपासून ईस्टरपर्यंत अंत्यविधीची मिस्सा होत नाही. प्रार्थना आणि दफन होतं, मिस्सा नंतर. दुःखातल्या कुटुंबाला हे ऐनवेळी दारात सांगायची पाळी येऊ नये, समूहप्रमुखांना आधीच माहीत असावं.

वेदीमागे
पवित्र गुरुवारबद्दल दोन गोष्टी. संध्याकाळच्या मिस्सेआधी टॅबरनॅकल (पवित्र भाकरी ठेवायची पेटी) रिकामं हवं, आणि त्याच मिस्सेत शुक्रवारपुरते होस्टसुद्धा (कम्युनियनच्या चकत्या) पवित्र करून ठेवायचे, कारण शुक्रवारी मिस्सा नाही. शुक्रवारची गर्दी गुरुवारपेक्षा जास्त असते, तेव्हा निम्मे-निम्मे असा हिशोब धरू नका.

त्याच मिस्सेतल्या पायधुणीला (फादर भाविकांचे पाय धुतात तो विधी) २०१६ पासून स्त्रियाही घेता येतात, आणि बारा हा आकडाही बंधनकारक नाही. कोमट पाण्याची झारी, तसराळं आणि प्रत्येकाला वेगळा टॉवेल. खुर्च्यांत दोन हात अंतर ठेवा, फादरांना गुडघे टेकायला जागा लागते. निवडलेल्यांनी पाय घरून धुऊन यावेत. (ते येतातच. इतके स्वच्छ पाय वर्षभरात दिसत नाहीत.)

पायवाट
प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे पापकबुलीची, संध्याकाळ विसरू नका. शेजारच्या धर्मग्रामांचे फादर एकमेकांकडे जातात, तारखा जानेवारीतच ठरवाव्या लागतात. माणशी चार मिनिटं, ३०० माणसं, दहा फादर: दोन तास. पाचच आले तर चार. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून, एकमेकांपासून लांब, आणि गायकवृंदाने हलक्या आवाजात गात रहायचं. शांतता फार झाली की शेजारच्याचं पाप ऐकू येतं.

घंटानाद
आणि सगळ्यात लांब रांग नेहमी ज्या फादरांना कमी ऐकू येतं त्यांच्यापुढे.

वाडीकर
दानपेट्या. कॅरिटास इंडियाची उपवासकाळची मोहीम असते, शिवाय धर्मप्रांताची. घरोघर दिलेले डबे झावळ्यांच्या रविवारी परत घ्या. मोजायला दोन वेगळ्या समूहांची माणसं, वहीत दोघांच्या सह्या, त्याच दिवशी रक्कम चर्चच्या ऑफिसात. डबा किती घरांना दिला आणि किती परत आले याची नोंद ठेवत नाहीत, तिथेच निम्मा निधी कपाटावर पडून राहतो. पवित्र शुक्रवारचं दान पवित्र भूमीसाठी वेगळं असतं, ते यात मिसळू नका.

माडबनच्या मुद्द्यावर: कार्यक्रम फार होतात हे खरं. पण कापायचं काय? जिवंत देखावा कापा म्हटलं की तरुण मंडळी रुसतात.

माडबन
जिवंत देखावा ठेवा, पण त्या शुक्रवारची क्रुसाची वाट तोच होऊ द्या. दोन्ही वेगळे ठेवले की लोक एकाला येतात. आणि स्पर्धा सगळ्या कापा. उपवासकाळात पहिला नंबर कसला काढायचा?

मोटेत
सहमत. आणि ईस्टरच्या रात्रीची वेळ ठरवताना: विधी अंधार पडल्यावरच सुरू करायचा, मार्चअखेरीस वसईत पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेसातच्या आत नको. पटांगणात लाऊडस्पीकर असेल तर दहाला बंद करावा लागतो. सातही जुन्या करारातली वाचनं घेणार असाल तर गणित चुकतं. निदान तीन घ्यावी लागतात, त्यात निर्गमच्या पुस्तकाचा १४वा अध्याय वगळता येत नाही. एकतर वाचनं कमी, नाहीतर सुरुवातीच्या अग्नीनंतर सगळे आत आणि बाहेरचे स्पीकर बंद.

भातखाचर
अग्नीला कोरडं लाकूड आणि कापूर. नारळाची करवंटी छान पेटते पण ठिणग्या उडवते, फादरांच्या पांढऱ्या वस्त्रांपासून लांब. पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही, काचेची चिमणी हाताशी ठेवा.

सुकटप्रेमी
१९ मार्चच्या मटणाचं ठरलं का शेवटी? इथे दोन जोसेफ वाचतायत, मला माहीत आहे.